मागचं दार

समाधानी. हा शब्द कोनी काढला की माह्या तोंडाले आजबी कडू पानी सुटते. चुना लावलेल्या भिंती, दारावर आंब्याचे डहाळे, अन् दारात हात जोडून उभे असलेले आमच्या गावचे मानसं दिसतात मले. लग्नात आहेर पुकारतात तसा एकेक जन तो शब्द पुकारून राह्यला होता. मी तवाच थुकली असती, पन अंगन मीच सारवलं होतं.

मी मनकर्णा. गाव हिवरटेक, धाडच्या बाजारापासून बैलगाडीचा रस्ता. मुंबईले नवं राज्य बसलं, त्याले दोन-तीन सालं झाली असतीन, तवा आमच्याकडं धरनी हालली. पेपरात म्हने चार ओळी आल्या. आमची दोन-तीन गावं सोडली तं कोनाच्या घरचं भांडंबी वाजलं नाई. पन आमची घरं माळवदाची, पांढऱ्या मातीच्या भिंती अन् डोक्यावर हातभर माती. बसल्या जागी बसली सगळी. ज्वारीची सोंगनी चालू होती म्हनून मानसं रानात होती, ती वाचली. माह्या म्हशी दावनीलेच गेल्या. ज्या घरात मी नवरी होऊन आली त्याचं टेकाड झालं.

ते घर कसं होतं ते सांगते, नाई तं पुढचं तुमाले समजनार नाई. समोर ओसरी, तिथं बाप्ये. मंधात माजघर. मांगं सैपाकघर, अन् त्याले परसदार. बायाचं सगळं येनंजानं परसदारानं. पानी तिकडून, सरपन तिकडून, रानात जानं तिकडून. सासरा ओसरीवर चढला की खाकरे. आतली सून उठे, पदर सावरे अन् सैपाकघरात सरके. मी जलमात माह्या सासऱ्यापुढं बसली नाई, बोलली नाई, जेवन तं दूरच. अन् त्याचा मले कधी जाच वाटला नाई, कारन घराले दोन तोंडं होती. तो एकीकडून, मी एकीकडून.

भूकंपाच्या मांगून दोन सालं टिनाच्या झोपड्यात काढली. आमाले दोन झोपड्या भेटल्या होत्या, एकीत आमी दोघं म्हातारे, एकीत लेक-सून. निभलं. मंग सरकारनं पक्की घरं बांधली. गायरानावर, सडकेच्या कडेले, एका रांगेत. इटाच्या भिंती, वर कवेलू, खाली फरशी. सडकेवरून पाह्यलं तं कोनीबी म्हनन, वा. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

आत काय? एक खोली. कोपऱ्यात कमरेयेवढी भिंत घालून चूल. दार एकच, तेबी सडकेकडं. मांगच्या भिंतीत उंच एक गजाची खिडकी, तिच्यातून मांजरबी इचार करूनच जाईन. ओसरी नाई, माजघर नाई, परसदार नाई. ज्यानं हे काढलं तो लय शिकलेला असन, पन त्याच्या घरी सासरा अन् सून एका खोलीत कुठं उभे राह्यतात हे त्यानं कधी पाह्यलंच नसन. मले त्या दिवशीच शिसारी आली. पन चाबी हातात देताना हिंमतराव, म्हंजे आमचे सरपंच, म्हने, "मनकर्णाबाई, आता तं तुमी शहरात आल्या." मी चाबी घेतली अन् तोंड फिरवलं.

आमच्या मालकाचं नाव मी घेत नाई. हिंमतराव त्यायले पुंजाजी म्हने, तुमीबी तेच समजा. मानूस असा की घरात मोठ्यानं बोलन नाई अन् जनावराले शिवी देनार नाई. लेक भाऊराव बापासारखाच. सून गीता. ती जुन्या घरात आली तवा पंधरा-सोळाची असन. इतक्या सालात तिनं सासऱ्यासंगं एक शब्द बोलला नाई अन् त्यायनं तिचं तोंड धड पाह्यलं नाई. दोघायचा एकमेकावर जीव होता, पन तो असाच, मधात भिंत ठेवून. मालकाले आंबाडीची भाजी आवडते हे गीताले मालूम. गीताले बाजारातली गुळपट्टी आवडते हे मालकाले मालूम. ते आनून माह्या हातात देत, म्हनत काहीच नाई.

नव्या घरी पयल्या दिवशी मालक शेतातून आले अन् दारात खाकरले. गीता चुलीपाशी भाकर थापून राह्यली होती. ती उठली. आता जाईन कुठं? कमरेयेवढ्या भिंतीआड तं शेळीबी लपत नाई. मंग ती भिंतीकडं तोंड करून, हनवटीपर्यंत पदर ओढून उभी राह्यली. तव्यावरची भाकर जळाले लागली. मालकानं ते पाह्यलं, लोटा घेतला अन् बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. जेवन तिथंच मांगवलं. मले वाटलं आज नवं हाये, होईन सवय.

सवय कशाची होते. लिंबाखाली बाज गेली, बाजेमागं घोंगडं गेलं, घोंगड्यामागं त्यायचा गडू-पेला गेला. दिवसभर शेतात, बाकी लिंबाखाली. स्वताच्या घरी मानूस पाव्हन्यासारखाबी येईना. मी तट्ट्याचा आडोसा केला, तं धूर कोंडून गीताच्या तान्ह्या पोरीचे डोळे सुजले. दारापुढं चार बल्ल्या रोवून मांडव घालतो म्हनलं, तं बांधकामावरचा ओव्हरसेर आला अन् म्हने, रांग बिघडते, काढा. भाऊराव त्याले म्हने, "साहेब, मांगून येक दार फोडू द्या. खर्च आमचा." तं तो म्हने, "घरं अजून तुमच्या नावावर नाहीत. एक वीट काढली तर घर काढून घेऊ. मोठे साहेब पाहून जाऊ द्या, ते म्हणाले तर फोडा." तोंड दाबून बुक्क्याचा मार म्हनतात तो हा.

पौष लागला. थंडी पडली अन् मालकाले खोकला धरला. ताप भरला. मी अन् भाऊरावनं धरून आत आनलं, चुलीच्या बाजूले पथारी घातली. मले वाटलं आता तं राहतीन. पन खोकला येवो अन् गीता उठून उभी राहो. इतक्या सालाची सवय तिच्या हाडात बसलेली, सासरा खाकरला की उठा लागते. ती पोरीले पाजत असली तं पोरीचं तोंड सोडवून उभी. घास तोंडात असला तं घास तसाच ठेवून उभी. पोर रडे, मालक खोकलत, गीता भिंतीकडं तोंड करून उभी. मी म्हनलं, "अवो, हा आजाराचा खोकला हाये, बस खाली." ती म्हने, "कळते आत्याबाई, पन पाय ठरत नाई." दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं मालक ताप अंगात घेऊन पुन्हा लिंबाखाली. मी भांडली. ते म्हनले, "पोर उपाशी राह्यते. मी काय, म्हातारा." वैद्यानं भाऊरावले सांगून ठेवलं, बुढ्याले छताखाली ठेवा, नाई तं ही थंडी निघनार नाई.

आता मले सांगा, छत सरकारनं दिलंच होतं ना.

रोज सकाळी विहिरीवर बाया जमत तवा त्या घरायच्या नावानं बोटं मोडत. शेजारची रुखमाबाई सगळ्यात पुढं. तिचं छत गळे, तिची चूल वाऱ्याच्या तोंडाशी, तिचा मालक बैल कुठं बांधू म्हनून डोकं धरून बसे. "ह्या खुराड्यापक्षा टेकाड बरं," ती म्हने. मी म्हनलं, चला, मोठे साहेब येतीन तवा हेच सगळ्यायनं सांगू. मले खरंच वाटलं होतं.

मंग साहेबाचा सांगावा आला. घरात राहून लोक समाधानी हायेत का, ते इचाराले साहेब जीपनं येनार. हिंमतरावनं देवळापुढं मानसं जमवले. मी दूर बायात बसली होती. ते म्हने, "आयका. कोनी रडगानं गानार नाई. साहेब खुशीनं गेले तं पुढं लाइट येईन, नळ येईन. अन् तसंबी, पाव्हना हाये. पाव्हन्याले कोनी घरातलं फाटकं दाखवते काय?" सगळ्यायनं माना हालवल्या. ही गोष्ट खरी की आमच्याकडं पाव्हन्याले फाटकं दाखवत नाई. घरात मूठभर दाने नसले तरी पाव्हना इचारते, कसं काय, तं आपन म्हनतो, तुमच्या किरपेनं बरं हाये. हिंमतरावनं तेवढ्यावरच बोट ठेवलं. मानूस हुशार, पन माह्या मनातून तो तवाच उतरला.

मी लिंबाखाली गेली. मालक घोंगडं पांघरून बसले होते.

मी म्हनलं, "साहेब घरच्या कर्त्यालेच इचारनार हाये. तुमाले इचारन तं सांगा, मांगून दार फोडू द्या म्हना."

"कारन काय सांगू?"

"जे हाये ते सांगा."

"जे हाये ते म्हंजे काय? माह्या खोकल्यानं सुनेले उठा लागते, असं चार मानसात सांगू? पोरीचं नाव काढू चावडीवर?"

"नाव नोका काढू. नुसतं म्हना, बायाची अडचन होते."

"कोनत्या बाईची, तो इचारन. घरात दोनच बाया. तुह्यी तं माह्यापासून काही अडचन नाई."

मले हसू आलं अन् त्याच्यापक्षा राग जास्त आला. मी म्हनलं, "मंग मराल तुमी इथं लिंबाखाली."

"मरनं कोनाले चुकलं," ते म्हनले अन् खोकलाले लागले. मी भाऊरावले म्हनलं तू सांग. तो म्हने, बाप समोर असताना मी कसा बोलू, अन् बोलू तरी काय, बायकोचं नाव घेऊ? घ्या. लाजेपायी आमी जीव देऊ, पन लाज कशाची हे तोंडानं सांगनार नाई. असं हे आमचं गाव.

साहेब आले त्या दिवशी पहाटपासून चुना चालू. ओव्हरसेरनं सगळ्यायच्या बाजा, घोंगडी, गोवऱ्या, बैलं रांगेच्या मांगं न्यायला लावले. लिंबाखालची आमची बाजबी उचलून घरात आनली, सडकेवरून बरं दिसत नाई म्हनून. साहेब वयानं लहानच, बोलाले गोड. घराघरापुढं थांबे अन् इचारे, "काय, घर कसं वाटतं? समाधानी?" अन् आमचे मानसं हात जोडून, "समाधानी साहेब." रुखमाबाईच्या मालकानं छत गळते तिथं खाली धान्याचं पोतं ठेवलं होतं, तो त्या पोत्याले टेकून उभा राह्यला अन् म्हने, "समाधानी." रुखमाबाई त्याच्या मांगून मान डोलवत होती. मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं नजर चुकवली. मले असं झालं की उष्ट्या ताटात हात पडला. रोज विहिरीवर जी जीभ चाले, ती आज टाळूले चिकटली होती. हे मानसं भूकंपातून वाचले कशाले, असं मनात आलं माह्या. वाईट आलं, पन आलं.

चहा आमच्या घरी ठरला होता, आमचं घर सडकेच्या तोंडाशी म्हनून. साहेब आत आले, बाजेवर बसले. हिंमतराव भिंतीले टेकले, ओव्हरसेर दारात, भाऊराव बाहेर मानसात. साहेबानं मालकाले हात धरून बाजेवर आपल्या बाजूले बसवलं. "बसा आजोबा, तुमचंच घर आहे." किती तरी दिवसांनी मालक त्या छताखाली बसले.

अन् गीता चुलीपाशी अडकली. दारात ओव्हरसेर उभा, समोर सासरा. ती चहाचं भगोनं उतरवून, भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली. पोर झोळीत रडाले लागली. मी उचलली, पन ती भुकेली होती, माह्यापाशी काय होतं तिच्यासाठी. कपात चहा मीच ओतला अन् मीच नेला.

साहेबानं चहा पेला अन् इचारलं, "मग आजोबा, समाधानी?"

मी मालकाकडं पाह्यलं. त्यायनं खाली पाह्यलं. मंग म्हनले, "समाधानी साहेब. सरकारनं दिलं, आपन नाव कसं ठेवा." तेवढं बोलले अन् खोकला आला. थांबेचना. भिंतीपाशी गीताचे खांदे वर झाले. उभीच होती ती, आनखी कुठं उठनार.

"एवढा खोकला कशानं?" साहेबानं इचारलं.

हिंमतराव म्हने, "बाहेर लिंबाखाली झोपते बुढा. हौस हाये त्याले."

साहेब हसले. चांगल्या मनानंच हसले, मी खोटं बोलत नाई. "पक्कं घर सोडून झाडाखाली? आजोबा, जुन्या सवयी मोडायला पाहिजेत आता." ओव्हरसेरबी हसला. मालकबी हसले, खोकलत खोकलत, पाव्हन्याचं मन राखाले. ते हसनं मले पाहवलं नाई. इतकी किळस मले कुजलेल्या खताचीबी कधी आली नाई.

पोर किंचाळून रडत होती. मालकानं ते आयकलं. त्यायनं बाजेची कड धरली, काठी घेतली अन् उठाले लागले. मले ठाऊक होतं कुठं चालले. लिंबाखाली, म्हंजे सुनेले पोर घेता येईन. बाज आत आली होती, तं खाली मातीत बसले असते.

तवा गीता फिरली. पदर हनवटीपर्यंत होता, पन फिरली ती. म्हनली, "मामाजी, बसा. उठू नोका."

आवाज बारीक होता, पन पोरीच्या रडन्यातूनबी सगळ्यायनं आयकला. मालक अर्धे उठलेले तसेच थांबले. त्यायनं तो आवाज घरात भिंतीआडून आयकला असन, पन त्यायच्यासाठी निंघालेला तो पयला होता.

मंग तिनं माह्या हातून पोर घेतली अन् बाजेपुढं, सासऱ्यापुढं, साहेबापुढं, फरशीवर मांडी घालून बसली. पदराआड पोरीले पाजाले घेतलं. पोर गप झाली.

हिंमतराव आधी बाहेर गेले, पायात वहानाबी न घालता. ओव्हरसेर दारातून हटला. साहेबाले काय झालं ते उमगलं नाई, पन शहरातल्या मानसालेबी येवढं कळते, तेबी कप ठेवून मान खाली घालून उठले. दार एकच होतं. सगळे त्याच दारातून गर्दी करून निंघाले. घरात राह्यले मालक, गीता अन् पोर.

मी साहेबाच्या मांगं बाहेर गेली. म्हनलं, "साहेब, मांगच्या भिंतीत दार पाहिजे. बस. येवढंच पाहिजे." तेबी मले कसं बोलाले सुचलं कोन जाने. साहेब माह्याकडं पाहून राह्यले, मंग हिंमतरावकडं पाह्यलं. हिंमतराव म्हने, "म्हातारी हाये साहेब. कर्त्यानं सांगतलं ना, समाधानी." साहेबानं मान हालवली अन् जीपकडं चालले. ओव्हरसेर त्यायच्या मांगं. मी तिथंच, माह्या सारवलेल्या अंगनात, थुकली. पाह्यलं सगळ्यायनं. पाहू द्या.

घरात वापस गेली तं मालक बाजेवरच होते. त्यायनं पाय वर घेतले होते, अंगावर घोंगडं ओढलं होतं अन् तोंड मांगच्या भिंतीकडं केलं होतं. इतकी सालं गीता जशी उभी राह्यली तसे आता ते बसले होते. दारातला उजेड त्यायच्या पाठीवर पडला होता. मले रडू आलं. माह्या सासऱ्यापुढं मी असं कधी बसली नसती, मेली असती, अन् हे चांगलं झालं का वाईट ते मले तवा कळलं नाई अन् आजबी मी सांगू शकत नाई. पन चुलीची ऊब त्यायच्यापर्यंत पोचत होती.

मालक खोकलले. मी दारात उभी राहून गीताकडं पाह्यलं. ती हालली. मंग पोरीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला अन् तशीच बसून राह्यली.